ट्रेक आणि फोटोग्राफी एकाच दिवशी कशी जमवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही वर्षं ग्रुपबरोबर सह्याद्रीत ट्रेक करताय, यंदा मिररलेस कॅमेरा घेतला, आणि तेव्हापासून ना ट्रेक धड होतो ना फोटो. ग्रुप पुढे निघून जातो, तुम्ही धापा टाकत मागून गाठता, आणि घरी येऊन पाहावं तर कार्ड भरलेलं पण ठेवण्याजोगं फारसं काही नाही. सप्टेंबरअखेरीस पायथ्याच्या पाचनई गावातून हरिश्चंद्रगडाला जायचं ठरलंय. तर कोणती लेन्स न्यावी, पावसात कॅमेरा कसा सांभाळावा, ग्रुपला न रखडवता फोटो कसे काढावेत, आणि नवी १००-४०० टेलिफोटो बरोबर घ्यावी का?

लेन्सचं नंतर बोलू, कारण तुमची खरी अडचण वेळेची आहे. ट्रेकचं वेळापत्रक अंतर आणि चढ बघून ठरतं, फोटोचं उजेड बघून. दोन्ही एका दिवसात कोंबली की दोन्ही बिघडतात. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने चालायच्या वेळेचा एक ठोकताळा दिला, तो अजून जगभर वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे ५ किलोमीटरची वाट आणि ६०० मीटरचा चढ असेल तर दोन तास. आपल्याकडे पावसाळ्यात शेवाळलेला कातळ, चिखल आणि ओढे असतात, त्यामुळे हा हिशोब मुळातच तोकडा पडतो. गळ्यात कॅमेरा असेल तर मी तो सरळ दीडपट धरतो. तुमच्या ग्रुपने ‘गडावर दोन तासांत’ असं ठरवलं असेल, तर तुमचे तीन तास कुठून येणार हे निघायच्या आधीच ठरलं पाहिजे. वाटेत ते ठरत नाही.

त्यावर माझा उपाय एकच आहे आणि त्याबाबतीत मी हट्टी आहे. एका ट्रेकला एकच जागा आणि एकच उजेड निवडायचा. बाकी सगळी वाट कॅमेरा सॅकमध्ये ठेवून, ग्रुपच्या बरोबरीने, झपझप चालायची. वाटेत काही दिसलंच तर मोबाईल आहे. त्याने तीस सेकंदांत काम होतं आणि सॅक उतरवावी लागत नाही. अशा चालण्यातून वाचलेला सगळा वेळ त्या एका जागेवर खर्च करायचा. तिथे मग तासभर बसा, दोन तास बसा. ढग सरकतात, ऊन येतं-जातं, वारा पडतो, आणि तोवर तुमची नजरही त्या जागेला सरावते. चांगले फोटो येतात ते अशा बसण्यातून. चालता चालता दर पन्नास पावलांवर थांबून काढलेले फोटो ‘मी इथून गेलो’ एवढंच सांगतात.

हरिश्चंद्रगडावर ती जागा कोणती हे तुमच्याकडे किती वेळ आहे त्यावर ठरेल. मुक्काम असेल तर निर्विवादपणे कोकणकडा. कड्याचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून सगळे सूर्यास्ताला गर्दी करतात. सूर्यास्त सुंदर असतोच, पण माझं मत विचाराल तर कोकणकडा सकाळचा. सूर्य पाठीमागून वर येतो, समोरच्या कोकणातल्या डोंगररांगांवर ऊन पडतं आणि खाली दरीत ढग भरलेले असतात. इंद्रवज्र दिसायला हेच लागतं: पाठीशी ऊन आणि समोर, नजरेच्या खाली, ढग किंवा धुकं. सावली ढगावर पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटतं. गंमत म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर १८३५ साली छापलेल्या निबंधात या गडावरून पाहिलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद केली आहे. ते दिसेलच याची हमी कोणीच देऊ शकत नाही. पण पावसाने उघडीप दिलेली सप्टेंबर-ऑक्टोबरमधली सकाळ असेल, तर साधारण सात ते नऊ या वेळात कड्यापाशी असा.

दिसलं तर घाई करू नका. ढगावर ऑटोफोकस अडखळतो, लेन्स पुढे-मागे फिरत राहते आणि तेवढ्यात ढग विरतो. आधीच लांबच्या एखाद्या डोंगरधारेवर फोकस घेऊन मॅन्युअल करून ठेवा. एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपने कमी ठेवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), नाहीतर पांढऱ्या ढगात वर्तुळाचे रंग धुऊन जातात. लेन्स रुंद हवी. २४ एमएमवर वर्तुळ, तुमची सावली आणि थोडा कडा एकत्र मावतो. एवढी गोष्ट लक्षात ठेवा: नुसत्या धुक्याचा फोटो काढताना नेमकं उलटं करायचं असतं. कॅमेऱ्याला पांढरं धुकं करडं करायची सवय असते, म्हणून तिथे एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवावं लागतं. इंद्रवज्रात रंग वाचवायचे असतात, धुक्यात पांढरेपणा.

एकदिवसीय ट्रेक असेल तर मात्र कोकणकड्याचा सूर्यास्त मनातून काढून टाका. सप्टेंबरअखेरीस सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो. त्यानंतर कड्यावरून गडावरच्या मंदिरापर्यंत येऊन पाचनईची वाट अंधारात उतरायची म्हणजे ओल्या कातळावर, कड्याच्या पोटातून जाणाऱ्या आडव्या वाटेवर टॉर्चच्या उजेडात पाय टाकायचे. फोटोसाठी मी हे कोणालाही करायला सांगणार नाही. पहाटे अंधारात चढून सकाळ गाठणंही वाट पायाखालची असेल तरच. एकदिवसीयवाल्यांनी उजाडताच पाचनई सोडावी, साडेआठपर्यंत मंदिर गाठावं, ग्रुपबरोबर कोकणकडा पाहून यावा आणि आपला फोटोचा वेळ पठारावरच्या फुलांना द्यावा. दुपारी तीनला उतरायला लागावं. ढगाळ दिवसाचा मऊ उजेड फुलांना सकाळइतकाच दुपारीही चांगला मिळतो, त्यामुळे यात तुमचं काही बुडत नाही.

फुलांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सप्टेंबरातल्या सह्याद्रीचं खरं धन तेच आणि बहुतेक जण ते उभ्याने, वरून, टिपून पुढे जातात. सोनकीचे पिवळे उतार दुरून दिसतात, तेरडाही दिसतो. पण पठारावर जिथे कातळावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत असतो तिथे थांबा आणि खाली बघा. तिथे सीतेची आसवं असतात. निळसर जांभळं, नखाएवढं फूल, दोऱ्यासारख्या देठावर. पानं शोधायला जाल तर जवळपास दिसणारच नाहीत. ही कीटकभक्षी वनस्पती आहे. तिचे बारीक फुगे ओल्या मातीत दडलेले असतात आणि त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात. शेजारी गेंदाची पांढरी बोंडं आणि कावळ्याची पिवळी फुलं असतात. हे सगळं कातळावर साचलेल्या बोटभर मातीत उगवतं. त्यावर बूट पडला की ती माती घसरून जाते, आणि पुन्हा साचायला बराच काळ जातो. म्हणून उघडा कातळ बघूनच पाय ठेवा, उघड्या कातळावरच आडवे व्हा. जागा अशी नसेल तर तो फोटो सोडून द्या. ‘एकच पाऊल’ म्हणत ग्रुपमधले वीस जण तेच पाऊल टाकतात. कास पठारावर काही वर्षं काय झालं आणि शेवटी कुंपण का घालावं लागलं हे आपल्याला ठाऊक आहे. हे पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि त्यानंतर गर्दी वाढतच गेली.

आडवे झालात की कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणा. मागे आकाश किंवा लांबचा डोंगर येऊ द्या. फुलाला त्याचा गाव मिळतो. नुसतं फूल आणि मागे काळपट धूसर असा फोटो कुठल्याही बागेत निघतो. सह्याद्रीतलं फूल सह्याद्रीत दिसलं पाहिजे, याची मला फार आस्था आहे. त्यासाठी मॅक्रो लेन्सपेक्षा जवळून फोकस होणारी रुंद लेन्स जास्त कामाची. आजकालच्या मोबाईलचा अल्ट्रावाइड मॅक्रो इथे महागड्या लेन्सलाही भारी पडतो, कारण तो फुलाच्या अगदी जवळ जमिनीला टेकवता येतो. कॅमेऱ्यावर ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ ८ ते एफ ११ ठेवा. पठारावर वारा थांबत नाही, म्हणून शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ नको. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८००, १६०० झाला तरी हरकत नाही. वारा पडण्याची वाट बघा. तो झुळुकांनी येतो आणि मध्ये दोन-तीन सेकंद फूल स्थिर होतं, तेवढ्यात पाच-सहा फोटो घ्या.

आता सामान. तुम्ही चार लेन्सची यादी पाठवलीत. माझ्या मते एक बॉडी, एक २४-१०५ किंवा तत्सम झूम, एक पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा चमक घालवणारा फिल्टर), दोन बॅटऱ्या, दोन कार्डं. बस्स. हे साधारण दीड किलोत बसतं. दोन-अडीच लिटर पाणी, जेवण, पोंचो, सुके कपडे, प्रथमोपचार आणि टॉर्च धरून सॅक आठ किलोच्या आत ठेवायची असेल तर याहून जास्त जागाच उरत नाही. लेन्ससाठी पाणी कमी करू नका. हे लोक करतात, म्हणून लिहितोय. पोलरायझरला मात्र काटकसर नको. पावसाळ्यात ओल्या पानांवर आणि कातळावर जी पांढरी चमक येते ती त्याने जाते आणि खरा हिरवा बाहेर येतो. एडिटिंगमध्ये हे जमत नाही. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, तोही धबधब्याला फायद्याचाच. पाव सेकंदाच्या आसपास शटर आलं की पाणी मऊ दिसतं आणि तरी त्याचा जोर कळतो. पाव सेकंद म्हणजे ट्रायपॉडच हवा असंही नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर दगडाला पाठ टेकून, श्वास सोडून, हातात जमतं. मुक्कामाच्या ट्रेकला, ताऱ्यांसाठी किंवा जूनच्या तोंडावर काजव्यांसाठी जात असाल तेव्हाच ट्रायपॉड घ्या. बाकी वेळी ते ओझं आहे.

कॅमेरा कसा वागवायचा याचा एकच नियम: पाय चालू तर कॅमेरा बंद, कॅमेरा चालू तर पाय बंद. रॉक पॅच, शिडी, ओढा आणि घसारा इथे तो सॅकच्या आत हवा, छातीवरच्या क्लिपलासुद्धा नको. दोन्ही हात मोकळे नसतील आणि कॅमेरा कातळाला आपटेल या भीतीने अंग बाहेर झुकलं, तर तोल तिथेच जातो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकणं ही सवय तर आजच मोडा. कोकणकड्याच्या काठावर फोटो काढायचा असेल तर पोटावर झोपून, रेलिंगच्या आतून, आणि स्ट्रॅप मनगटाला गुंडाळून. तिथे खालून वर येणारा वारा इतका जोरकस असतो की कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू परत वर येते; लेन्सची कॅप, पोंचो, टोपी सगळं आधी बांधून घ्या. आणि कोकणातून कड्याच्या बाजूने वर येणाऱ्या अवघड नळीच्या वाटेने कधी गेलात तर कॅमेरा घरी.

पावसाचं म्हणाल तर थेंबांपेक्षा दमट हवेची काळजी जास्त घ्या. थेंब दिसतात, पुसता येतात. सॅकला रेनकव्हर, आत कॅमेरा वेगळ्या जाड झिपलॉक पिशवीत, लेन्सवर हूड कायम, आणि सर आली की कॅमेऱ्यावर हॉटेलात मिळते तशी शॉवर कॅप. एवढ्यावर पावसाळा निघतो. पुसायला मायक्रोफायबरचे तीन-चार तुकडे वेगवेगळ्या खिशांत, कारण पहिला अर्ध्या तासात ओला होतो. लेन्स भर पावसात बदलू नका. म्हणूनच एक झूम म्हटलं. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढलात तर थंड काचेवर दव धरतं, बाहेरून आणि कधी आतूनही. पाचनईला पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा, किंवा उतरल्यावर कॅमेरा वीस-तीस मिनिटं पिशवीतच राहू द्या.

परत आल्यावर कितीही दमला असाल तरी कॅमेरा ट्रेकच्या सॅकमध्ये रात्रभर ठेवू नका. बॅटरी आणि कार्ड काढा, सुक्या कापडाने पुसा, पंख्याखाली दोन तास ठेवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. निळं जेल गुलाबी झालं की ते ओलावा प्यायलं. तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळं करून घ्या. डब्यात पाच-सहाशे रुपयांचा हायग्रोमीटर टाका आणि आर्द्रता ४०-५० टक्क्यांत ठेवा. पुण्या-मुंबईच्या जुलैत उघड्या कपाटातल्या लेन्सवर बुरशी धरायला वेळ लागत नाही. एकदा ती काचेच्या थरावर कोरली गेली की साफ करूनही डाग राहतो.

ग्रुपबद्दल. लीडला, म्हणजे ग्रुपच्या म्होरक्याला, आदल्या दिवशीच सांगा की तुम्हाला कुठे आणि किती वेळ थांबायचंय. ‘कोकणकड्यावर मला दीड तास द्या, बाकी वाटेत मी थांबणार नाही’ असं म्हटलं तर कुठलाही शहाणा लीड हो म्हणतो, कारण त्याला त्रास अनिश्चिततेचा होतो. दर वळणावर ‘दोन मिनिटं’ म्हणणारा माणूस त्याला नको असतो. चालताना तुम्ही नेहमी टेलच्या, म्हणजे ग्रुपच्या शेवटी चालणाऱ्याच्या, पुढे राहा. शेवटचा माणूस तुमच्या मागे नसेल तर तुम्ही ग्रुपच्या बाहेर आहात असं समजा. आणि धुक्यात एकट्याने पठारावर भटकू नका. हरिश्चंद्रगडाचं पठार मोठं आहे, धुकं उतरलं की दहा फुटांवरचं दिसत नाही आणि सगळ्या पायवाटा सारख्या वाटतात. शिट्टी गळ्यात ठेवा. ग्रुपमध्ये फोटोवाले तीन-चार झालात तर मात्र महिन्यातून एक ट्रेक फक्त फोटोसाठी वेगळा काढा. तेव्हा अंतर कमी ठेवायचं, शिखर गाठायचा आग्रह नाही.

जिवांबद्दल दोन शब्द, कारण हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. बेडूक हातात धरून ‘चांगल्या’ पानावर ठेवू नका. तो कातडीतून श्वास घेतो आणि आपल्या हातांना मीठ, ओडोमॉस, काय काय लागलेलं असतं. ओढ्याकाठच्या झुडपावर हिरवा चापडा दिसला तर मीटर-दीड मीटर लांबून फोटो घ्या. तो तासन्‌तास एका जागी असतो, त्याला काडीने डिवचायची गरज नसते, आणि तो विषारी आहे. घरट्याचा फोटो नको. तुम्ही समोर बसून राहिलात तेवढा वेळ आई परत येत नाही, आणि तुमच्या मागावर कावळे पोचतात. कड्यांच्या पोटात आग्या मोहोळं असतात: धूर, परफ्यूम, आरडाओरडा नको. ड्रोन तर अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही, तो घरीच ठेवा. दुर्मीळ ऑर्किड किंवा कंदीलपुष्प सापडलं, तर फोटो टाकताना जीपीएस काढून टाका आणि ‘अमुक गडाच्या मागच्या उतारावर’ असंही लिहू नका. कंद उपटून नेणारे लोक हेच वाचत असतात.

राहिली तुमची १००-४००. अशी लेन्स एकटीच दीड किलोच्या आसपास भरते, आणि धुक्यात, पावसात, बारीक उजेडात तिचा उपयोग थोडा. या खेपेला ती घरी राहू दे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ती घेऊन भीमाशंकरला जा. चढ नाही, सावलीतली वाट, आणि वर शेकरू. घरटं सापडलं तर त्याच्या खाली तळ ठोकू नका. फांद्याफांद्यांवरून त्याची ये-जा कुठून होते ते बघा आणि तिथे थांबा. सकाळी उन्हाचे कवडसे रानात शिरले की ते हालचाल करतं. शटर १/५०० सेकंदापेक्षा संथ करू नका, आयएसओ ३२०० पर्यंत चढला तरी चालेल, आणि शेपटी फ्रेमच्या बाहेर कापली जात नाही ना एवढं बघा. ती अंगापेक्षा लांब असते आणि बहुतेकांची तिथेच कापली जाते.